सिरीनपुढची रिकामी ओळ

मी चिनी लोकांना इंग्रजी शिकवत होते, असं सांगितलं की माझ्या वर्गातल्या मुली हसतात. हसण्यासारखंच आहे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. बाबा दोह्याजवळच्या मुऐदरमध्ये एसी दुरुस्तीची कामं करतात आणि माझं इंग्रजी शब्दांच्या याद्या पाठ करून आलेलं. दोह्यातल्या एका क्लासला नेमकं असंच कुणीतरी हवं होतं.

क्लासच्या पुस्तिकेत 'मनःस्थिती आणि वातावरण' असा एक धडा होता. कोझी या शब्दाला बर्फातल्या घराचं आणि भिंतीतल्या शेकोटीचं चित्र, मेलन्कलीला, म्हणजे उदासीला, धुक्यातला पूल. बाहेर शेहेचाळीस डिग्री. आत एसी अठरावर अडकलेला, रिमोट संचालकांच्या खणात आणि सगळे जॅकेट घालून बसलेले. पुस्तिका काढणाऱ्याने कतार पाहिलं नव्हतं. चीनही पाहिला नसावा.

विद्यार्थ्यांत एका चिनी कंपनीचा चाळिशीतला इंजिनीयर होता. मी वीस वर्षांची, तरी मला टीचर म्हणायचा. शेवटच्या तोंडी परीक्षेत पास झाला तर त्याची साइटवरून लुसैल या नव्या शहरातल्या ऑफिसात बदली होणार होती, आणि तिथे कंपनी कुटुंबासाठी फ्लॅट देत होती. त्याची चार वर्षांची मुलगी त्याला फक्त फोनच्या पडद्यावर ओळखत होती.

"कोझी म्हणजे?" त्याने विचारलं.

"सुट्टीच्या शुक्रवारी सकाळी अंथरुणातून उठावंसं वाटत नाही, तसं."

"आमच्या खोलीत चौघं आहेत. एक घोरतो, टीचर."

त्याने वहीत कोझीपुढे फुली मारली.

मी त्याला मोठ्या तोऱ्यात सल्ला दिला: प्रत्येक शब्दावर स्वतःच्या आयुष्यातलं खरं वाक्य लिहायचं, खोटं वाक्य लक्षात राहत नाही. हे मी सांगत होते, जिने कॉलेजच्या प्रवेश-निबंधात रत्नागिरीजवळचं आपलं गाव 'सिरीन', म्हणजे अगदी शांत-निवांत, आहे असं लिहिलं होतं. त्या गावात मी मे महिन्यात दोनदा राहिले आहे. वीज नव्हती आणि काका-आत्या जमिनीवरून भांडत होते.

त्याने सल्ला अक्षरशः पाळला. रोज दहा शब्द, दहा खरी वाक्यं, सगळी तोंडपाठ. 'मॅनेजर आत आले की वातावरण टेन्स होतं.' मी त्यात एक 'द' घातला. 'सोमवारची मीटिंग ऑप्रेसिव्ह असते.' ऑप्रेसिव्ह म्हणजे जीव दडपून टाकणारी; मी शेजारी 'छान' लिहिलं. महिनाभर एक माणूस मला आपले दिवस कसे जातात ते सांगत होता आणि मी त्याची आर्टिकल्स दुरुस्त करत होते. सिरीनपुढची ओळ मात्र रिकामी होती. "अजून सापडलं नाही," म्हणाला.

घरी बाबा विचारायचे, "काय गो, कुठपर्यंत आले तुझे चिनी?"

"वातावरणापर्यंत."

"मग आधी तो एसी नीट करून घ्या म्हणावं."

परीक्षेला संचालक बसले, शेजारी त्या कंपनीचा मॅनेजर, आणि कोपऱ्यात मी. चित्राचं वर्णन विचारतील, असं मी त्याला छातीठोकपणे सांगितलं होतं. संचालकांनी विचारलं, "तुमच्या कामावरचं वातावरण कसं आहे?"

तो उभा राहिला आणि वहीतल्या क्रमाने सुरू झाला. टेन्स. ग्लूमी. ऑप्रेसिव्ह. सोमवारच्या मीटिंगला तर त्याने तीन वाक्यं दिली. उच्चार अगदी स्वच्छ होते, माझी सगळी मेहनत दिसत होती. संचालकांचं पेन थांबलं. मला त्याची मुलगी दिसू लागली, फोनच्याच पडद्यावर.

मॅनेजर शेवटपर्यंत शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "शब्द सगळे बरोबर आहेत. सोमवारही बरोबर आहे. पास करा. लुसैलला मीपण जातोय."

त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. मीटिंग ऑप्रेसिव्ह असते हे त्याला ठाऊक होतं. ती बदलायची कशाला, हे त्याला कळत नव्हतं.

जीव भांड्यात पडल्यावर संचालकांना हुरूप आला. "आणि आमच्या क्लासचं वातावरण?"

इंजिनीयरने अठरावरच्या एसीकडे पाहिलं, माझ्या जॅकेटकडे पाहिलं.

"सिरीन," तो म्हणाला.

संचालकांनी ते जाहिरातीसाठी लगेच लिहून घेतलं.

बाहेर पडताना मी त्याचं अभिनंदन केलं आणि भीत भीत वही मागितली. सिरीनपुढची ओळ अजून रिकामीच होती.

"इथे लिहिलं नाही?"

"ते परीक्षेपुरतं होतं, टीचर," तो म्हणाला. "इथे खरीच वाक्यं लिहायची ना?"

मी वही परत दिली. माझा निबंध कॉलेजच्या फायलीत अजून तसाच असेल. त्याला चांगले मार्क मिळाले होते.