गोव्याची गाडी

सिंगापुरात वुडलँड्सच्या मैदानावर सराव संपला की मुली गवतावर पाय पसरून बसत आणि कोणीतरी म्हणे, "कोच, गोव्याची गोष्ट." संघात नवी मुलगी आली की ती गोष्ट तिला ऐकवायची, असा रिवाजच पडला होता. पद्माकर साळोखे जरा आढेवेढे घेत, आणि सांगत.

कोल्हापुरात फुटबॉल पेठांचा आणि तालमींचा. पद्माकर पिंपळकट्टा तालमीकडून डाव्या बगलेला खेळायचे. तिथल्या पोरांना जर्सीबरोबर वैरही वारशानं मिळे. ऐन विशीत त्यांना गोव्याच्या एका मोठ्या क्लबनं निवड चाचणीला बोलावलं, आणि नेमका त्याच दिवशी शेजारच्या पेठेशी अंतिम सामना होता. तालमीचे वस्ताद प्रकाशतात्या पान लावता लावता म्हणाले, "जा की. आम्ही कोण अडवणार? फक्त परत येताना ह्या गल्लीनं येऊ नकोस."

पद्माकर गेले नाहीत. शेवटच्या मिनिटांत त्यांनीच गोल केला. गल्लीनं त्यांना खांद्यावर घेतलं, गुलाल कानात गेला, आयाबायांनी ओवाळलं. गोष्ट इथं संपायची. "आपल्या माणसांना टाकून जायचं नसतं," असं ते इंग्रजीत म्हणत, आणि मुली टाळ्या वाजवत.

गोव्याहून पुन्हा बोलावणं आलं नाही. पुढं गुडघा गेला. हाताशी डिप्लोमा होता म्हणून सिंगापुरात जहाजं दुरुस्त करणाऱ्या यार्डात ते सुपरवायझर झाले, आणि वुडलँड्सच्या फ्लॅटमध्ये शुभदाबरोबर संसार लागला. खालच्या मैदानावर मुलींचा एक संघ खेळायचा. त्यांचा कोच सोडून गेला, तेव्हा वरच्या कॉरिडॉरमधून ओरडून चुका सांगणारे साळोखे एका संध्याकाळी खाली उतरले. त्यांच्या काळी कोल्हापुरात मुली फक्त गॅलरीत दिसायच्या. सुरुवातीला कुणी टॅकलमध्ये पडली की तिच्याआधी तेच कळवळायचे. मुली हसायच्या. हळूहळू त्यांचा संघ लीगमध्ये खेळू लागला.

"अहो, पोरींना पुढचंही सांगा की," शुभदा कधीतरी म्हणायची. "एसटी स्टँडचं."

"त्यात काय आहे सांगण्यासारखं?"

"तेच तर आहे. बाकी नुसता गुलाल."

संघात जाई होती. पलीकडच्या ब्लॉकमधल्या नीताची मुलगी, कॉलेजात शिकणारी. चेंडू तिच्या डाव्या पायाशी आला की पद्माकरांना बसवत नसे. लीगमधून खाली ढकललं जाण्यापासून वाचवणारा शेवटचा सामना होता, त्या सकाळी ते सरावाचे प्लॅस्टिकचे कोन मांडत असताना नीता पाण्याच्या बाटल्या घेऊन आली.

"साळोखे सर, ऑस्ट्रेलियातल्या त्या पर्थच्या क्लबला तिनं येत नाही म्हणून कळवलं. आज इथं टॅम्पिनीसला त्यांची निवड चाचणी होती ना. तुम्हाला बोललीच असेल."

ती बोलली नव्हती. पद्माकर तडक जाईकडे गेले. ती बुटाची नाडी बांधत होती.

"टॅक्सी पकड. अजून पोचशील."

"चिल ला, कोच," ती सिंगापुरी ढंगात म्हणाली. "मॅच आहे."

"मॅच आम्ही बघतो."

"तुम्ही गेला होता का?"

भोवतीच्या मुलींनी जल्लोष केला. जाईच्या आवाजात टोमणा नव्हता. आपण कोचसारखं वागलो याचा आनंद होता. पद्माकरांनी तोंड उघडलं. सगळ्या मुली त्यांच्याकडे बघत होत्या, दर वेळी गोष्ट ऐकताना बघत तशाच. त्यांनी तिचा खांदा थोपटला. रेफ्रीनं शिट्टी दिली.

संघ जिंकला. जाईच्याच क्रॉसवर गोल झाला. मुलींनी तिला खांद्यावर घेतलं, वरून तिनं पद्माकरांकडे बघून दोन्ही हात उंचावले. टाळ्या वाजवताना त्यांच्या कानात काहीतरी गेल्यासारखं त्यांना वाटलं, आणि त्यांनी बोट घालून पाहिलं.

सगळ्या खायला हॉकर सेंटरकडे निघाल्या तेव्हा त्यांनी जाईला बाकावर थांबवलं आणि पुढचं सांगितलं. सामन्याच्या दुसऱ्या दिवशी ते एसटी स्टँडवर गेले होते. गोव्याची गाडी लागली होती. चाचणी संपली होती हे माहीत असूनही ते गाडीत चढून खिडकीशी बसले. कंडक्टरनं तिकीट विचारलं, तेव्हा उतरले. त्या हंगामात ते बऱ्याचदा तिथं जात, गाडी सुटेपर्यंत उभे राहत. तालमीत कोणाला कळलं नाही. पुढं त्या क्लबचा सामना टीव्हीवर लागला की डाव्या बगलेच्या खेळाडूचा पाय घसरावा, असं त्यांच्या मनात येई.

जाईनं नडगीवरचा एक शिनगार्ड काढला, दुसरा तसाच राहिला.

"पण गोल केल्याचा तुम्हाला आनंद झाला होता ना?"

"झाला होता. संध्याकाळपर्यंत."

"मग हे आधी का नाही सांगितलं, कोच?"

त्यांनी खाली पडलेला शिनगार्ड उचलून तिच्यापुढं धरला. तिनं तो बॅगेत टाकला, बॅग उचलली आणि मुलींच्या मागं गेली, एका पायात शिनगार्ड ठेवूनच.

पर्थचे लोक पुन्हा आले नाहीत. जाई अजून खेळते, चांगलं खेळते. सराव संपला की अभ्यास आहे म्हणून निघते. नवी मुलगी आली की पद्माकर गोष्ट सांगतात, पण आता ती एसटी स्टँडपासून सुरू होते. मुली अवघडून ऐकतात. गोलापर्यंत ते बहुधा पोचत नाहीत. त्याआधीच कोणीतरी पाण्याची बाटली शोधायला उठते.