स्वखुषीचे नऊ राजीनामे

शाळेत कुणालाही अर्ज लिहायचा असला की तो ईश्वरप्पा करजगींच्या टेबलाशी यायचा. रजेचा, नादारीचा, रेशनकार्डावर नाव चढवण्याचा, कसलाही अर्ज असो, ईश्वरप्पा टाक शाईत बुडवायचे आणि समोरचा माणूस नुसती सही करून जायचा. मैंदर्गीहून व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे सातवीची परीक्षा, होऊन ते सोलापूरला आले, काही वर्षं एका आडत दुकानात वह्या लिहिल्या आणि सत्तेचाळीस साली मुलींच्या या शाळेत कारकून म्हणून लागले. घरी कन्नड, शाळेत मराठी, आणि दोन्हींत बोलणं बेताचं. आवक-जावक वहीत नंबर पडल्याशिवाय त्यांच्या टेबलावरून कागद हलत नसे. सव्वीस वर्षांत त्यांच्याकडून एक कागद हरवला नव्हता आणि याचा त्यांना थोडा अभिमानही होता.

त्र्याहत्तरच्या मार्चमध्ये शिवणाच्या दाक्षायणीबाईंचे पेन्शनचे कागद परत आले. बाई जानेवारीअखेर निवृत्त झाल्या होत्या. काही किरकोळ त्रुटी असेल म्हणून ईश्वरप्पा स्वतः शिक्षण खात्याच्या कचेरीत गेले. तिथे पेन्शनचं टेबल कुंडलिकराव सांभाळत.

"करजगी, तुमचं सर्व्हिस बुक वाचायला बरं वाटतं," कुंडलिकराव म्हणाले. "पण बाईंची पेन्शन बसत नाही."

"का? चोपन्न सालापासून नोकरी आहे त्यांची."

"चोपन्न ते त्रेसष्ट, दर एप्रिलला राजीनामा. एकदा नव्हे, नऊदा. राजीनामा दिला की मागची नोकरी गेली. उरली त्रेसष्टच्या जूनपासूनची. नऊ वर्षं, सात महिने, बावीस दिवस. पेन्शनला दहा पुरी लागतात."

"उन्हाळ्याच्या सुट्टीपुरता खंड आहे हो तो. खंड माफ होतो की."

"संस्थेनं कमी केलं असतं तर झाला असता माफ. राजीनाम्याचा होत नाही. माणूस आपण होऊन गेला, त्याला सरकार काय करणार?" कुंडलिकराव चष्म्यावरून बघत हसले. "मला एक सांगा, या बाईंची घरगुती अडचण दर एप्रिलला येते कशी आणि जूनमध्ये मिटते कशी?"

ईश्वरप्पा हसले नाहीत. ते वाक्य त्यांचं होतं.

तात्पुरत्या शिक्षकांना सुट्टीचा पगार द्यायला लागू नये म्हणून संस्था त्यांना एप्रिलअखेर कमी करायची आणि जूनमध्ये पुन्हा घ्यायची. पंचावन्न साली दाक्षायणीबाईंच्या हातात ईश्वरप्पांनी पहिली चिठ्ठी दिली. 'आपणांस सेवेतून कमी करण्यात येत आहे.' बाई तेव्हा चाळिशीच्या, दोन वर्षांपूर्वी नवरा गेलेला, पदरात एक मुलगी. चिठ्ठी वाचून त्यांनी ती परत टेबलावर ठेवली.

"अण्णा, हे घरी दाखवू कसं? मामंजी म्हणतील, काहीतरी केलं असेल म्हणून काढली."

ईश्वरप्पांना तिथल्या तिथे एक सुचलं. त्यांनी चिठ्ठी फाडली आणि कोऱ्या कागदावर लिहिलं, 'घरगुती अडचणीमुळे मी स्वखुषीने राजीनामा देत आहे.' बाईंनी सही केली. काढून टाकल्याचा डाग नको, मानानं गेलं-आलं म्हणजे बरं. बाकीच्या शिक्षिकांनाही ते आवडलं. संस्थेचे चेअरमन आबासाहेब तर खूशच झाले; यापुढे सगळ्यांचे असेच राजीनामे घ्या, म्हणाले. पुढे दर एप्रिलला ईश्वरप्पा बारा जणींचे बारा राजीनामे एका बैठकीत लिहू लागले. त्रेसष्टच्या जूनमध्ये बाई कायम झाल्या तेव्हा त्यांचे राजीनामे थांबले.

अडुसष्ट साली पेन्शनची योजना लागू झाली तेव्हाही बाई विचारायला त्यांच्याकडेच आल्या होत्या. प्रॉव्हिडंट फंडातला संस्थेचा वाटा सोडला तर पेन्शन मिळणार होती. "पेन्शन घ्या," ईश्वरप्पांनी सांगितलं होतं, "जन्माची सोय होईल." विकल्पाचा फॉर्मही त्यांनीच भरला होता.

आता बाई साखर पेठेत एका खोलीत राहत होत्या. सासू-सासरे केव्हाच गेले होते. डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता, सुईत दोरा ओवायला शेजारच्या पोरीला हाक मारावी लागे. पेन्शन नाही म्हणजे खोली सोडून मोडनिंबला लेकीकडे, जावयाच्या दारात जायचं. ही गोष्ट त्या कधी बोलून दाखवत नसत, पण जावयाचं नाव निघालं की मशीनचं पायडल जोरात चालू लागे.

त्या दिवशी ईश्वरप्पा कचेरीतून निघताना कुंडलिकरावांनी हळूच एक वाट दाखवली होती. "जुने कागद वाळवीनं खाल्ले, असं पुष्कळ शाळा लिहितात. नवीन सर्व्हिस बुक करून आणा." ईश्वरप्पांनी दोन दिवस हा विचार केला. ते खोटं होतं म्हणून नव्हे, तर आपल्या दप्तरात वाळवी लागली असं आपल्याच हातानं लिहायचं, हे त्यांना गिळवेना. तिसऱ्या दिवशी त्यांनी जुन्या जावक वह्या काढल्या.

पंचावन्न साल, तीस एप्रिल. जावक नंबर दोनशे बारा, राजीनामा मंजूर केल्याचं पत्र. नंबर दोनशे तेरा, दहा जूनपासून नेमणुकीचा हुकूम. दोन्ही एकाच दिवशी. सुट्टीत ईश्वरप्पांना मैंदर्गीला जायचं असे, म्हणून जूनचे हुकूम ते एप्रिलमध्येच नोंदवून ठेवत. नऊच्या नऊ वर्षं तसंच. ज्या दिवशी बाई स्वखुषीने गेल्या, त्याच दिवशी संस्थेनं त्यांना परत घेतलेलं होतं. शिवाय नऊही राजीनाम्यांवर अक्षर कारकुनाचं.

हे पुरावा म्हणून मांडायचं तर जबाब लिहून द्यावा लागणार होता. राजीनामे संस्थेच्या सांगण्यावरून घेतले जात आणि ते मी लिहीत असे. ईश्वरप्पा स्वतः मेअखेर निवृत्त होणार होते. त्यांचे पेन्शनचे कागद जायचे होते ते आबासाहेबांच्या सहीनं.

जबाब लिहिण्याआधी ते साखर पेठेत गेले.

"बाई, ते वाक्य माझं होतं," ते म्हणाले. "कमी केलं असं राहू दिलं असतं तर आज तुमची पेन्शन बसली असती."

बाईंनी मशीन थांबवलं. "तसं राहू दिलं असतं तर मामंजींनी मला त्या जूनमध्ये पुन्हा घराबाहेर पडू दिलं नसतं."

ईश्वरप्पांना जरा हलकं वाटलं. तेवढ्यात बाई म्हणाल्या, "पण अण्णा, मामंजी सत्तावन्न साली गेले. त्याच्या पुढं कशाला लिहीत राहिलात?"

ईश्वरप्पांनी चटईची एक सुटलेली काडी आत खोचली. "लिहायची सवय झाली होती," ते म्हणाले. "मजकूर ठरलेला होता."

"मी तरी कुठं वाचलं," बाई म्हणाल्या. "तुमचं अक्षर दिसलं की सही करायची. लई विश्वास." यात राग होता की नव्हता, ते ईश्वरप्पांना कळलं नाही. त्या दिवशी बाईंनी चहा विचारला नाही, एवढं मात्र खरं.

जबाब गेल्याच्या चौथ्या दिवशी आबासाहेबांनी त्यांना बोलावून घेतलं. चहा मागवला.

"पंचवीस-सव्वीस वर्सं तुमी हितं मान खाली घालून काम केलं, करजगी. आता जाताना शाळंवर खडं मारायला निघालात व्हय?"

"जावक वहीत आहे तेच लिहिलंय, आबासाहेब."

"वहीत काय बी असू द्या. 'संस्थेच्या सांगण्यावरून' हे कशाला घातलं? एका बाईपायी अकरा जणी दारात उभ्या राहतील. तो कागद मागं घ्या."

"त्याला नंबर पडलाय. कचेरीत पोचला असेल."

आबासाहेबांनी बशीतला चहा संपवला. "तुमचे बी कागद माझ्याकडंच येणार हायत की."

"माहीत आहे."

"माहीत असून केलं?"

ईश्वरप्पा कप ठेवून उठले. आपण हे धाडसानं केलं असं त्यांना वाटत नव्हतं. मजकूर चुकला होता, दुरुस्ती करायला दुसरा कुणी नव्हता.

मेमध्ये ते निवृत्त झाले. दुष्काळामुळे निरोपसमारंभ नको, असं संस्थेनं कळवलं. ईश्वरप्पा रेशनच्या रांगेत तांबड्या ज्वारीसाठी उभे राहू लागले आणि मधूनमधून आपल्या कागदांची चौकशी करत राहिले. नवा कारकून टेबलावरून वर न बघता म्हणायचा, "साहेबांकडं सहीला आहेत."

बाईंचा हुकूम यायला पावणेदोन वर्षं लागली. पुण्याहून तीनदा विचारणा झाली, जावक वह्या मागवल्या गेल्या. अखेर नऊही खंड माफ झाले, राजीनामे गैरलागू ठरले. चौऱ्याहत्तरच्या डिसेंबरात बाई ट्रेझरीचा फॉर्म घेऊन ईश्वरप्पांच्या घरी आल्या. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, जाड भिंगांचा चष्मा होता. फॉर्म त्यांनी सवयीनं ईश्वरप्पांच्या पुढे सरकवला.

ईश्वरप्पांनी तो परत सरकवला. "तुम्ही लिहा."

"माझं अक्षर म्हणजे कच्चा टाका, अण्णा."

"असू द्या. आणि आधी मोठ्यानं वाचा."

बाईंनी एकेक ओळ वाचली. अडलं तिथे बोट ठेवून विचारलं आणि ईश्वरप्पांनी सांगितलं, पण टाक हातात घेतला नाही. अर्ध्यावर बाई थांबल्या.

"तुमचं काय झालं?"

"संस्थेतून तिसऱ्यांदा परत आलंय. कसलासा दाखला हवाय."

"आबासाहेबांना भेटून या की एकदा."

"आलो."

"काय म्हणाले?"

"चहा दिला."

बाईंनी चष्मा सारखा केला. मग खाली मान घालून पुन्हा लिहू लागल्या. अक्षरं ओळीखाली उतरत होती, 'एकूण सेवा' या रकान्यात आकडा चौकटीबाहेर गेला. ईश्वरप्पांचा हात एकदा पुढे झाला. त्यांनी तो मांडीवर परत ठेवला आणि बाईंची सही होईपर्यंत तसाच धरून ठेवला.