रिकामी मशीन किती खाते

हे मी आजवर कोणाजवळ बोललो नाही. तुम्हाला काऊन सांगून राहिलो, तेही नीट माहीत नाही — पण ऐका.

लोडशेडिंगची वर्षं होती. आमगावात माझं कॉम्प्युटर जोडून विकायचं दुकान होतं, आणि त्यातलं माझ्याइतकं कोणालाच कळत नाही अशी घमेंड. सालेकशाहून देवकाताई आल्या. नवरा वारलेला, घरच्याच ओसरीत ऑनलाइन फॉर्म भरायचं सेंटर टाकणार होत्या. दिवसा लाइट नसायची, म्हणजे सगळा खेळ इन्व्हर्टरवर. त्यांनी एकच विचारलं, "भाऊ, गिऱ्हाईक नसते तवा कोणती मशीन कमी करंट खाते?"

काय नेमकं विचारलं बाईनं! मोठमोठे साहेब विचारत नाहीत.

मला उत्तर माहीत होतं — अंदाजानं नाही, मोजून. आठवडाभर आधीच मी हौसेनं एक जुना, एक नवा असे दोन प्रोसेसर मशीनमध्ये आळीपाळीनं घालून मीटरवर वीज मोजली होती. काही काम नसताना जुना नव्याच्या जवळपास दुप्पट वीज खायचा. पण तो जुना कपाटात पडून होता, कोणी विचारत नव्हतं. मी म्हणालो, रिकाम्या असल्या की दोन्ही सारख्याच. आणि जुना प्रोसेसर टाकून मशीन त्यांच्या गळ्यात मारली.

एवढंच असतं तर — नाही, एवढंच नाही.

नर्सिंगच्या फॉर्मचा शेवटचा दिवस. भर दुपारी बॅटरी संपून इन्व्हर्टर बसला. गावातल्या एका पोरीचा फॉर्म अर्धाच राहिला, तिचं वर्ष गेलं. दुसऱ्या दिवशी देवकाताई दुकानात. भांडायला नाही हो! भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. "भाऊ, माह्यंच काई चुकून रायलं का?"

तेव्हा तरी सांगता आलं असतं ना? प्रोसेसर बदलून देता आला असता. मी काय बोललो माहीत आहे? हो ताई, तुम्ही मशीन उगाच चालू ठेवता, प्रत्येक गिऱ्हाइकानंतर बंद करत जा.

त्यांनी ऐकलं. दर वेळी बंद, दर वेळी चालू. मशीन सुरू होईस्तोवर लोक कंटाळून उठून जायचे, आणि म्हणायचे, बाईले जमत नाही. वर्षभरात सेंटर बंद पडलं.

परवा एका लग्नात भेटल्या. माझ्या बायकोला सांगत होत्या, भाऊनं मशीन चांगलीच देल्ली होती, मलेच चालवता नाही आली. मी बाजूलाच पंगतीत बसलो होतो. सगळं ऐकलं, आणि मान खाली घालून जेवत राहिलो.