टिकलीखालची चामखीळ

माझ्या दोन भुवयांच्या मधोमध चामखीळ होती. कॉलेजात असल्यापासून मी ती मोठ्या मरून टिकलीखाली झाकत आले, त्यामुळे ती आईला आणि पुढे नवऱ्यालाच काय ती ठाऊक. नवरा तिला तिसरा डोळा म्हणायचा. आमचं घर शंकराचं, कपाळाला विभूती लावणारं. "टिकली काढत जाऊ नकोस, मी भस्म होईन," असं तो रोज रात्री न चुकता म्हणायचा आणि स्वतःच हसायचा.

गेल्या वर्षी तो गेला. दिवस चालू असताना एका चुलत जावेनं नखानं माझी टिकली खरवडून काढली आणि चामखीळ उघड्यावर आली. जाऊ जरा दचकली. मला काहीच वाटलं नाही. तेव्हा कशाचंच काही वाटत नव्हतं. भात खाल्ला का ते आठवायचं नाही, आणि आठवलं तरी फरक पडायचा नाही.

शाळेत शिकवायला लागले तशी पहिल्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "बाई, तुमच्या कपाळाला काय चिकटलंय." शुक्रवार पेठेतल्या आमच्या बोळातल्या बायका म्हणाल्या, घोड्याच्या शेपटीचा केस बांधा, आपोआप गळते. आता सोलापुरात घोडा शोधत कोण फिरणार? मी कातडीच्या डॉक्टरकडे गेले.

"साधी चामखीळ आहे, घाबरू नका," डॉक्टर म्हणाल्या. मी घाबरले नव्हते. थर्मासासारख्या भांड्यातून त्यांनी गार वाफेचा बारीक फवारा मारला. चामखिळीवर पांढरा बर्फ जमला. "आधी बधिर वाटेल, मग झोंबेल." बधिर वाटलं. झोंबलं ते घरी आल्यावर, आणि तेही दुसऱ्या कुणाचं तरी कपाळ झोंबावं तसं.

दुसऱ्या दिवशी तिथे फोड आला. आत रक्त उतरलेलं. गोल, गडद मरून, अगदी टिकलीएवढा. आरशात बघितलं आणि पहिल्यांदा घाबरले, ते आत्यांच्या विचारानं. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. भर तारुण्यात कपाळ रिकामं झालं, तेव्हापासून विभूतीखेरीज त्यांनी काही लावलं नाही. त्यात मोतीबिंदू, त्यांना तो फोड टिकलीच दिसणार. घरात आम्ही दोघीच उरलेल्या. त्यांनी अबोला धरला असता तर मला बोलायला भिंतीच होत्या.

त्या ज्वारी निवडत बसल्या होत्या. मान वर करून त्यांनी बराच वेळ बघितलं.

"लावलीस व्हय?"

मी ज्वारीतला एक खडा वेचून बाजूला टाकला.

"बरं केलंस. मलाच म्हणायचं हुतं. जीब रेटली न्हाय." आणि पुन्हा ज्वारीत बोटं घातली.

फोड आहे, औषधाचा आहे, असं सांगायला किती वेळ लागतो? मी सांगितलं नाही. पुढचे काही दिवस आत्या माझ्याशी जरा जास्त बोलल्या. लग्नात त्यांना कुंकवाचा करंडा मिळाला होता, तो कुठं गेला कळलंच न्हाय, असंही एकदा बोलून गेल्या. शेजारीण दारातून कपाळाकडे टक लावून बघायला लागली तर म्हणाल्या, "काय बगतीस? माज्या सुनंचं कपाळ हाय."

मग फोड वाळला, खपली धरली आणि एका सकाळी अंघोळ करताना ती गळून पडली. खाली गुलाबी, कोरी कातडी. आता झाकायला काही उरलं नव्हतं. मी आत्यांना चहा नेऊन दिला. त्यांनी कप घेतला आणि माझ्या तोंडाकडे बघितलं.

"आज लावायची राहिली की," त्या म्हणाल्या.

मी त्यांच्या मांडीवर डोकं टेकलं आणि रडले. तो गेल्यापासून पहिल्यांदाच. मला तो हवा होता, आणि तो कुठेच नव्हता. हे तोवर मला नुसतं माहीत होतं.

आत्यांनी कप बाजूला ठेवला. त्यांना काही कळेना. माझ्या पाठीवर हात फिरवत त्या विचारत राहिल्या, "काय झालं गं? टिकल्या संपल्या व्हय?"