हणमाचं गाव कोणतं?

"तात्या, आप्पा गेलं," संदीप फोनवर म्हणाला. मी गोठ्यात होतो, वैरणीची पेंडी हातातच राहिली. आप्पा म्हणजे त्याचा बाप हणमा, माझा शाळेपासूनचा दोस्त. विट्याजवळच्या आमच्या गावातून मिसरूड फुटायच्या आत सोनं गाळायच्या कामाला तिकडं तमिळनाडूत, सेलमला गेला आणि तिथंच त्यानं दुकान थाटलं. मी विचारलं, घेऊन कधी पोचताय, माणसं गोळा करायला हवीत. पोरगं म्हणालं, "आमी हितंच उरकलं. त्येंनीच तसं सांगून ठेवलं हुतं."

खरं सांगतो, जाण्यापेक्षा हेच जास्त लागलं. दीड महिना झाला, अजून विश्वास बसत नाही. कारण गावाचं कौतुक करावं तर हणमानंच. यात्रेला आला की तव्यावरची भाकरी हुंगून खायचा, "सेलमात हवा न्हाई गड्या, वाफ हाय" म्हणायचा. आमच्या गल्लीत दुमजली बंगला बांधला. "मग ये की कायमचा," मी म्हणायचो. "येतो की रं," म्हणायचा आणि यात्रा संपली की कुलूप लावून जायचा. मागच्या खेपेला माझ्या ओट्यावर बसून त्यानं विचारलं, "आपल्या गल्लीत रोज दिवा किती घरांत लागतो रं?" मी म्हटलं, "माझ्या एकट्याच्या. बाकीचे तुझ्यासारखे परमुलखात, न्हाईतर मळ्यात." तो हसला नाही. मला वाटलं, मटण अंगावर आलं असेल.

दहाव्याला सेलमला गेलो तो भांडायच्या तयारीनंच. तर दुकानापुढं ही गर्दी... फुलवाल्या बाया, रिक्षावाले, शेजारचे सोनार. त्यात मराठी माणूस नावाला. वहिनी गेल्यापासून हणमा दुकानाच्या माडीवर एकटाच राहायचा, संदीपचं घर शहराच्या दुसऱ्या टोकाला. खालच्या चहावाल्यानं, मुरुगननं, मला बाकावर बसवलं. मोडक्या हिंदीत म्हणाला, "रोज पहला चाय उसका. उस दिन नहीं आया. मैं ऊपर गया." हणमा झोपेतच गेला होता. मुरुगन वर गेला तेव्हा अंग अजून कोमट होतं.

माझं भांडण तिथंच विझलं. परतीच्या गाडीत मात्र मी आमच्या गल्लीतली कुलपं मोजत बसलो. आमच्याकडं काय कमी आहे? कॅनॉलचं पाणी आलं, द्राक्षं आली, रस्ते झाले, हवेला तर तोड नाही. पण सकाळी माझं दार उघडलं नाही, तर ते ठोठावायला गल्लीत आहे कोण? पोरं पुण्यात. हणमानं हे कधीच ओळखलं होतं, मला वाईट वाटेल म्हणून बोलला नाही. आणि आता तो नाही म्हटल्यावर मला माझ्याच घरात भीती वाटायला लागली.

निघताना मुरुगननं माझा नंबर घेतला होता. रीत म्हणून घेतला असेल, असं मी धरून चाललो. पण हल्ली रोज सकाळी त्याचा फोन येतो. त्याला मराठी येत नाही, मला तमिळ. "चाय?" तो विचारतो. "झाला," मी म्हणतो. संपलं बोलणं.

परवा फोन घरात विसरून मी गोठ्यात धार काढत बसलो होतो. तेवढ्यात मोटारसायकल थांबली. संदीपचा मेव्हणा विट्याहून आला होता. मला धार काढताना बघून तो गाडीवरनं उतरला.

"आवं तात्या," तो म्हणाला, "सेलमवरनं दाजींचा फोन आला. तुमी आज चहा घेतला न्हाई म्हनं."