बाप्पाची पाठ ड्रायव्हरकडे

पेणच्या कारखान्यात गणपतीचे डोळे मी रेखतो, त्यामुळे माझ्या नजरेतून काही सुटत नाही, असा माझा समज आहे. (कारखान्यात हा समज माझ्या एकट्याचाच आहे.)

गेल्या वर्षी रोह्याला सासुरवाडीला जाणाऱ्या मूर्तीचा हात मात्र नागोठण्याजवळ निखळला. ड्रायव्हरनं ब्रेक मारला, मूर्ती पुढे गेली आणि मी शेजारी बसून बघत राहिलो. शेवटी सासऱ्यांच्या अंगणातच, सगळ्या पाहुण्यांसमोर, ओल्या शाडूनं तो हात बसवला. आप्पा, म्हणजे सासरे, नुसते माझ्या हातांकडे बघत होते. यंदा मूर्ती धड पोचली नाही तर रोह्यात तोंड दाखवायची सोय उरणार नव्हती.

त्यातच आप्पांनी नातीला स्केटबोर्ड पाठवला. आमची सई आठ वर्षांची. पहिल्याच दिवशी गुडघा फोडून आली.

"बाबा, बोर्ड दगडाला अडकून थांबला, मग मी पुढे का पडले?"

"तुझं लक्ष पुढे असतं म्हणून," मी ठोकून दिलं.

दुसऱ्या दिवशी : "पृथ्वी फिरता फिरता एकदम थांबली तर आपलं पेण कुठं जाऊन पडेल?"

"रोह्यात." (माझ्या आयुष्यात सगळं शेवटी तिकडेच जातं.)

तिनं पुस्तकातला नकाशा पाहिला. "नाय, खोपोलीकडे."

इथवर ठीक होतं. तिसऱ्या दिवशी मी आप्पांच्या मूर्तीचे डोळे रेखायला घरी घेऊन बसलो, तेव्हा ती हळूच म्हणाली, "बाबा, मातीची वस्तू बोर्डवर ठेवली तर पुढे पडेल का मागे?"

"मातीची कुठली वस्तू?"

"असंच."

आमच्या घरात आजवर काहीही 'असंच' घडलेलं नाही. मी एक डोळा मूर्तीवर आणि एक सईवर ठेवून काम उरकलं.

"पोर प्रश्न विचारते तर उत्तर द्या ना," बायको म्हणाली. "पोलीस कशाला होताय?"

दुपारी मागच्या पडवीत कुंचले धूत होतो, तेवढ्यात अंगणातून घरघर ऐकू आली. बघतो तर आप्पांच्या मूर्तीवरचा लाल रुमाल पांघरून एक गोल पोट स्केटबोर्डवरून उतारानं चाललंय. "सई, धर!" असं ओरडत मी झेप घेतली. पाय नेमका बोर्डवर पडला. बोर्ड फाटकाकडे गेला, मी उताणा अंगणातल्या शाडूच्या टबात पडलो आणि रुमालातून लाल भोपळा गडगडत बाहेर आला.

सई माझ्यावर वाकून म्हणाली, "बाबा, बोर्ड पुढे गेला, मग तुम्ही मागे का पडलात?"

दारातून बायको म्हणाली, "त्यांचं लक्ष मागे असतं गो."

"मी बाप्पाचा हात वाचवत होते," सई रडवेली झाली. "ब्रेक लागला की भोपळा पुढेच जातो. पुढच्या बाजूला पाठ टेकवली तर पडत नाय. बाप्पाची पाठ ड्रायव्हरकडे ठेवायची."

मला इतकी लाज वाटली आणि पोरीचं इतकं कौतुक वाटलं, की टबातून उठायचं राहूनच गेलं.

गाडीत मूर्ती सईच्याच पद्धतीनं ठेवली. नागोठण्याला ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला. मी सीटवरून घसरलो, बाप्पा जागचा हलला नाही. रोह्याला आप्पांनी उंबऱ्यावर रुमाल काढला. हात पाहून मान डोलावली. मग चेहरा पाहिला आणि एक पाऊल मागे सरले.

"जावईबापू, हात झ्याक हाय. पण बाप्पा असा काय बघतोय? आमी काय चोरलाय का?"

"आप्पा, डोळे काढताना बाबा माझ्याकडे बघत होते," सईनं शास्त्रीय कारण सांगितलं.

विसर्जनापर्यंत आरतीला मी मागच्या रांगेत, खांबाआड उभा राहत होतो. उपयोग झाला नाही. त्याच्या नजरेतून खरंच काही सुटत नाही.