हौदावरचं गोणपाट

देवपुरात आमच्या शेजारी राहणारे आबा अंगणातल्या हौदात स्पिरुलिना नावाचं शेवाळ वाढवत. ते वाळवून भाकरीच्या पिठात मिसळत आणि हिरवी झालेली बोटं ऐटीत दाखवत म्हणत, "यामा दूधपेक्षा जास्ती ताकद शे!" त्यांच्या अशक्त लेकीच्या ते अंगी लागलंही होतं.

तिला बघायला पारोळ्याचे पाहुणे आले, तेव्हा आबांनी हौदावर गोणपाट टाकलं. मीही बैठकीत होतो. पाहुणे म्हणाले, "पोर ठणठणीत शे. काय खावाडतस?"

"घरनं दूध-तूप, दुसरं काय!"

आबांच्या दारात गाय तर सोडाच, शेळीसुद्धा नव्हती.

संध्याकाळी ते हौद ढवळत होते. मला पाहताच त्यांनी हिरवी बोटं धोतराच्या सोग्यात लपवली.